रविवारची कळंबा तलाव पक्षीफेरी : स्वयंसेवकांसाठी सूचना

सर्व सभासदांनो,

येत्या रविवारी सकाळी ६.४५ वाजता कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या बांधावर जमायचे आहे. ७ ला मोजणी सुरू, ९.३० ला समाप्त. सध्या ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या सुरू आहेत, त्यामुळे गाड्या रस्त्याकडेला अजिबात लावू नका.

आणायचे : दुर्बीण (८×४२ असल्यास उत्तम), वही, पेन्सिल, पाणी, टोपी. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे.

मोजणीबाबत नीट वाचा, आकडे इथेच चुकतात :

• चारजणांचा गट : एक मोजेल, एक लिहील, दोघे शोधतील. सगळे मोजू लागले की तोच पक्षी दोनदा नोंदला जातो.
• सूर्य पाठीशी ठेवा. उजेड समोरून आला की बदके नुसती काळी दिसतात.
• वारकरी पक्ष्यांचा (काळे, पांढऱ्या चोचीचे पाणपक्षी) थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, तेवढा भाग नजरेत धरा आणि असे किती भाग बसतात ते पाहा.
• टिबुकली सारखी बुडी मारते. त्या जागेवर मिनिटभर थांबूनच आकडा लिहा.
• ईबर्डवर (पक्षीनोंदींचे ऑनलाइन अ‍ॅप) यादी जागेवरच सुरू करा. ओळख पटली नाही तर ‘तुतारी, जात अनिश्चित’ असे लिहा (तुतारी म्हणजे पाण्याकाठी चरणारे छोटे पक्षी). अंदाजाने नाव देण्यापेक्षा ही नोंद कितीतरी मोलाची.

मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत आणि फोटोसाठी थवा उठवायचा नाही. इथे कुणालाही सवलत नाही.

नवख्यांनी जरूर यावे, जादा दुर्बिणी आहेत. येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत गटावर नाव कळवावे.