पहिल्या इंजेक्शनवर थांबू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत पाळीव प्राण्यांच्या जाती, त्यांचे केस, त्यांचे लाड यांवर हौसेने लिहिले जाते आणि मीही ते हौसेनेच वाचते. लसीकरणाचा विषय मात्र शेवटच्या एखाद्या ओळीत उरकलेला असतो. म्हणून हा पत्रप्रपंच.

पिल्लू घरी आले की पहिल्या उत्साहात पहिले इंजेक्शन होते. डॉक्टर बाटलीवरचे लेबल कार्डावर चिकटवतात, शेजारी पुढची तारीख लिहून देतात. पुढचा रकाना मग कोराच राहतो. ‘एक डोस झालाय की!’ हे ठरलेले उत्तर, आणि ते देणारे चांगले शिकलेसवरलेले असतात. खरी मेख इथेच आहे. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला मिळालेली प्रतिपिंडे रोगाला अडवतात, तशी लसीलाही निष्प्रभ करतात. ती कधी ओसरतील याचा नेम नसतो. एकाच वेतातल्या भावंडांतही फरक पडतो. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू केलेली लस दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू किमान 16 आठवड्यांचे होईपर्यंत द्यावी लागते. आधीचे डोस वाया गेलेले असू शकतात, त्यामुळे शेवटचा चुकवणे सगळ्यात महागात पडते.

‘आमचे पिल्लू बाहेर जातच नाही’ हा युक्तिवादही टिकत नाही. 1978च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्हो या कुत्र्यांच्या आतड्याच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो आणि आपल्याच चपलांबरोबर घरात येतो. ओकाऱ्या, रक्ताची हगवण सुरू होते आणि उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्ले दगावतात. रेबीजची लस वेगळी असते, साधारण तिसऱ्या महिन्यानंतर आणि मग वर्षाने पुन्हा. पार्व्होच्या एकत्रित लसीत तीही आलीच असे अनेकांनी परस्पर ठरवून टाकलेले असते. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे 99 टक्के प्रकरणांचे मूळ कुत्र्यात असते आणि लक्षणे दिसू लागल्यावर हाती जवळजवळ काहीच उरत नाही.

मांजरांच्या बाबतीत तर आनंदच आहे. मांजर आजार लपवण्यात पटाईत. ते खायचे थांबते तोवर मूत्रपिंडाचे बरेचसे काम आटोपलेले असू शकते. वर्षातून एकदा, आणि म्हातारपणी दोनदा, धडधाकट दिसणाऱ्या मांजरालाही डॉक्टरकडे न्यावे ते यासाठी. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाही, तर ते बद्धकोष्ठ समजून वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबला असेल तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. घरगुती डॉक्टरकीही आवरावी. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते आणि परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे गोचिडांचे औषधही.

लाडाने भरवण्याबद्दल बोलले की माणसे दुखावतात, तरी लिहिते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांना जोड्या लावून आयुष्यभर पाहिले गेले. ज्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिले, ती जवळपास दोन वर्षे जास्त जगली. आपले कुत्रे जाड आहे का, हे कळायला वजनकाटाही लागत नाही. हलक्या हाताने बोटे फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. त्याच वेळी ओठ उचलून मागच्या दाढाही पाहाव्यात. तिथे पिवळट-तपकिरी थर बसला असेल, तर तोंडाचा वास ‘कुत्र्याचा असतोच’ म्हणून सोडून देता येणार नाही.

आपल्याकडे विनंती एवढीच, की कुत्रा आणि मांजर यांच्या लसींचे व जंतांच्या औषधांचे वयानुसार वेळापत्रक पशुवैद्यकांकडून तपासून घेऊन एका चौकटीत छापावे. फ्रीजच्या दारावर लावता येईल एवढ्या आकाराचे.

आपली,
एक नियमित वाचक