मोशी म्हणजे धूर, पण काळजी नको

मोशी, टांझानिया

ती. आई-अण्णांस सा. न.

मी खुशाल आहे. जेवणखाण तेच, परत लिहीत नाही.

अण्णा, स्वाहिलीत 'मोशी' म्हणजे धूर, हे तुम्ही वाचलंत ते खरं. पण गाव पायथ्याशी आहे, ज्वालामुखीच्या तोंडावर नाही. किलिमांजारो म्हणजे तीन ज्वालामुखी: पश्चिमेला शिरा, मध्ये किबो, पूर्वेला मावेन्झी. शिरा झिजून पठार झालाय, मावेन्झीचे नुसते सुळके उरलेत. दोन्ही कायमचे विझलेले. किबो झोपलेला. विवरातून थोडा गंधकी वायू येतो, तेवढंच. आणि आपल्या गडग्याचा जांभा तरी कशाचा? लाव्ह्याच्याच दगडाचा. आपल्याकडे लाव्हा भेगांतून पसरून थर बसले, इथे तोंडाभोवती साठून डोंगर उभा राहिला. उंची 5895 मीटर. तीन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी हजारभर कमी पडतात. वर ऑक्सिजन निम्मा. मी चढणार नाही, आई, किती वेळा सांगू!

गंमत म्हणजे एवढ्या धुडाला नाव टेकडीचं. 'म्लिमा' म्हणजे डोंगर, 'किलिमा' म्हणजे टेकडी. 'न्जारो'वर अजून एकमत नाही. पायथ्याच्या चग्गा लोकांत किबो नि मावेन्झी ही नावं वेगळी, अख्ख्या डोंगराला नाव नव्हतंच. आपण तरी सह्याद्री कुठे म्हणतो, घाटच म्हणतो ना. सर्वोच्च टोकाला 1889 साली हान्स मायरने जर्मन बादशहाचं नाव दिलं; 1961 च्या स्वातंत्र्यानंतर ते 'उहुरू' झालं, म्हणजे स्वातंत्र्यच.

नाना येणार असतील तर त्यांना वेळेचं नीट समजवा. इथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. आठ म्हणजे दोन. घड्याळात तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. विषुववृत्त जवळ, सूर्य वर्षभर साधारण एकाच वेळी उगवतो, म्हणून जमतं. संध्याकाळी सातला परत एक! किबो दिसतो तो भल्या सकाळी, मग बहुतेकदा ढग चढतात. कुणी 'बाराला दिसेल' म्हणालं तर ते सकाळचे सहा. नाना दुपारी बाराला खुर्ची टाकून बसतील.

चिऱ्यांचे पैसे सोमवारी पाठवलेत. गाडी रिकामी करण्याआधी कोपरे बघून घ्या, तुटके परत द्या. दापोलीच्या स्थळाला नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. गणपतीला जमत नाहीये. आरतीला फोन लावून ठेवा. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कुणीच लिहिलं नाही.

तुमचा,
बाळू