मांजरं पोत्यात भरून तळजाईवर सोडू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सहकारनगरात सध्या जिकडे बघावं तिकडे पुनर्विकास सुरू आहे. जुनी इमारत पाडली की माणसं भाड्याच्या घरात जातात, मांजरं मात्र जागा सोडत नाहीत. ती शेजारच्या सोसायट्यांमध्ये शिरतात आणि मग तक्रारी सुरू होतात. रात्री बोक्यांची भांडणं, जिन्यात उग्र वास, उकरलेल्या कुंड्या. तक्रारी खऱ्या आहेत, तो वास मलाही सोसावा लागतो. पण आमच्या गल्लीत त्यावर जो उपाय निघाला आहे, मांजरं पोत्यात भरून रात्री तळजाईच्या टेकडीवर सोडण्याचा, तो बघवत नाही.

परवा एक भुरी मांजरी अशीच नेली. तिची पिल्लं आमच्या मीटरच्या खोलीत गोणपाटावर होती, डोळेही न उघडलेली. शेजारची मुलगी ड्रॉपरने गाईचं दूध पाजू लागली. ते त्यांना पचत नाही. शिवाय इतक्या लहान पिल्लाला आईने चाटल्याशिवाय शी-शूसुद्धा होत नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून ती करवून घ्यावी लागते, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. मांजरी नेणाऱ्यांच्या हे गावीही नसेल.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे, म्हणून सांगते. मोकळी झालेली हद्द तशी राहत नाही. जिथे उष्टं-खरकटं आणि आडोसा आहे, तिथे दुसरा बोका येतो आणि नव्याने लघवीचे फवारे मारून हद्द आखतो. संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागला की मांजरी जोमाने माजावर येतात, नऊ आठवड्यांत वितात आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकतात. चार-पाच महिन्यांची पोरसवदा मांजरीही गाभण राहते. पोती किती भरणार?

आणि टेकडीचं काय? मोर, तित्तिर, टिटवी जमिनीवर अंडी घालतात. सोसायटीतली उपाशी मांजरं तिथे सोडणं म्हणजे पक्ष्यांवरही अन्याय आणि मांजरांवरही. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे सोसायटीच्या सेक्रेटरींनी सभेत वाचून दाखवावं.

उपाय आहे. पिंजऱ्यात मांजर पकडायचं, नसबंदी करायची, त्याच वेळी रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाचं टोक कापायचं आणि त्याच गल्लीत परत सोडायचं. पुढच्या काही आठवड्यांत बोक्याचं भटकणं, भांडणं, फवारे बरेच कमी होतात. ओळखीचं मांजर जागेवर असलं की उपरं सहजासहजी टिकत नाही. खाऊ घालणाऱ्यांनीही ठरल्या वेळी घालावं आणि लगेच भांडं उचलावं. रात्रभर जिन्यात दूध-भात ठेवणं बंद करा. कुंडीतल्या मातीवर नारळाच्या शेंड्या दाबून बसवल्या की मांजर तिथे उकरत नाही.

महापालिकेने उपनगरांत प्रभागवार मांजरांच्या नसबंदीचा दिवस ठरवावा आणि तो सोसायट्यांना आधी कळवावा. पुनर्विकासाला परवानगी देताना तिथल्या मांजरांची नसबंदी पाडकामाआधी करून घेण्याची अटही घालावी. आमच्या गल्लीतली पुढची इमारत दिवाळीनंतर पाडायची आहे आणि तिच्या पार्किंगमध्ये आत्ताच दोन गाभण मांजरी आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सहकारनगर, पुणे