पाऊस पाहून वाण द्या

दादरच्या वाणसामानाच्या दुकानात आता कनोला तेलाच्या बाटल्या सहज मिळतात. 1970च्या दशकात कॅनडात शास्त्रज्ञांनी रेपसीड या मोहरीच्या कुळातल्या तेलबियेतील इरुसिक आम्ल हा नकोसा घटक कमी करून हे पीक घडवले. मला कनोला पेरण्याची ऑस्ट्रेलियाची रीत फार मोलाची वाटते. तिथे कमी पावसाच्या पट्ट्यात लवकर पक्व होणारी वाणे पेरतात, तर जास्त पावसाच्या भागात लांब मुदतीची. बी मोहरीएवढे बारीक, म्हणून ते उथळ पेरावे लागते आणि वरच्या थरात ओल हवीच. फुलोऱ्यात उष्णता वाढली, पाणी तुटले, की शेंगा भरत नाहीत.

आपल्याकडे कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, सोलापुरात जेमतेम पाचशे-सहाशे. माझे आजोळ सोलापूरकडचे. ज्वारीच्या कडेने करडईचे काटेरी पट्टे असत. खोल मुळांची करडई जमिनीतल्या ओलीवर तग धरायची, घरी तिचेच घाण्याचे तेल असे. ती आता दिसेनाशी झाली, आणि देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. कृषी खात्याने करडई, जवस, मोहरीची वाणे पर्जन्यमानानुसार ठरवून पेरणीआधी गावोगाव पोहोचवावीत, ही कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, दादर, मुंबई