आधी मीटर लावा, मग सेन्सर बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाहनविषयक सदरांत एक सल्ला वारंवार छापून येतो: इंजिनाचा दिवा लागला आणि स्कॅनरवर थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा (इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप किती उघडी आहे हे सांगणाऱ्या भागाचा) कोड आला की सेन्सर बदलून टाका. १९९०च्या दशकातल्या पेट्रोल ट्रक-पिकअपमध्ये या सल्ल्याने पुष्कळदा सेन्सर नवा होतो आणि दोष जुनाच राहतो. स्कॅनर सेन्सर तपासत नाही. ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकापर्यंत, किती व्होल्ट पोहोचले एवढंच तो सांगतो. पी०१२२ म्हणजे व्होल्टेज फार कमी, पी०१२३ म्हणजे फार जास्त, पी०१२१ म्हणजे थ्रॉटलचा आकडा इंजिनाच्या बाकीच्या वागण्याशी जुळत नाही. १९९६ पूर्वीच्या अमेरिकी ट्रकमध्ये हेच दिव्याच्या लुकलुकण्यावरून मोजतात. जनरल मोटर्सचा कोड २१ म्हणजे जास्त, २२ म्हणजे कमी. फोर्डचा ५३ जास्त, ६३ कमी. असं का झालं, हे मात्र मीटर लावल्याशिवाय कळत नाही.

सेन्सरच्या आत, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असते तशी, कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा काटा असतो. वायरी तीन: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ (ग्राउंड) आणि सिग्नल. इंजिनाचं बहुतेक आयुष्य आयडलिंगला किंवा रेस जेमतेम दाबलेल्या अवस्थेत जातं, म्हणून पट्टी झिजते तीही तिथेच. परिणामी रेसला पाय लावताच गाडी अडखळते, एकसारख्या वेगात हलके झटके मारते, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) लागतो-सुटतो-लागतो.

मोजणी चावी चालू आणि इंजिन बंद ठेवून करायची. कप्लर (सेन्सरला वायरी जोडणारा प्लग) जोडलेलाच ठेवा आणि मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजा. वायरीचं आवरण टोचू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांत तांबं हिरवं पडतं. पुरवठ्यावर ४.९ ते ५.१ व्होल्ट हवेत. सेन्सरची अर्थ आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. थ्रॉटल बंद असताना सिग्नल साधारण ०.५ ते ०.९ व्होल्ट (नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा), पूर्ण उघडल्यावर ४च्या वर. ४ गाठत नसेल तर आधी केबलचा सैलपणा आणि पेडलखाली सरकलेलं मॅट बघा. म्हणूनच ही चाचणी हाताने थ्रॉटल फिरवून करू नये, आत कुणाला तरी बसवून पेडलनेच करावी.

पेडल सावकाश, दहा-पंधरा सेकंदांत खाली न्यायचं. आकडा खड्डा न पडता चढला पाहिजे. इथे साधा डिजिटल मीटर फसवतो. तो सेकंदाला दोन-चारदाच आकडा बदलतो आणि क्षणभराचा खंड त्याच्या नजरेतून सुटतो. काट्याचा जुना मीटर किंवा ऑसिलोस्कोप उत्तम, नाहीतर किमान-कमाल आकडा धरून ठेवणारा मीटर घ्या. थंड इंजिनावर सगळं ठीक दिसलं तर गरम झाल्यावर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरला हलकेच टिचकी मारत पुन्हा बघा.

वायरिंगची परीक्षा सोपी आहे. कप्लर काढा; बहुतेक गाड्यांत स्कॅनरवर सिग्नल शून्याजवळ येतो. मग कप्लरमधला पुरवठा आणि सिग्नल एका जंपर वायरने जोडा; आकडा ५जवळ जायला हवा. दोन्ही जमलं तर त्या दोन वायरी आणि ईसीयू निर्दोष. उरते अर्थ, आणि नेमकी तीच बहुतेक जण विसरतात. अर्थ तुटली की पट्टीतून प्रवाहच वाहत नाही, व्होल्टेज कुठेच पडत नाही आणि काट्यावर सबंध ५ व्होल्ट दिसतात. कोड येतो पी०१२३, आणि बिचारा चांगला सेन्सर फेकला जातो. उलट पुरवठाच गायब असेल तर त्याच ५ व्होल्टवर चालणारे मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वगैरे सेन्सर एकेक करून काढा. एखादा शॉर्ट झाला असेल तर तो काढताच पुरवठा परत येतो.

स्टार्टर फिरतो पण गाडी सुरू होत नाही, अशा वेळीही या सेन्सरकडे बघावं. स्टार्टर फिरताना थ्रॉटल पूर्ण उघडा दिसला तर अनेक ईसीयू इंधन तोडतात. पेट्रोलने भिजलेले प्लग सुकवण्याची ती सोय आहे. कप्लर काढल्यावर गाडी सुरू झाली तर दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये.

सेन्सर दोषी ठरवण्याआधी थ्रॉटल बॉडीही बघा. झडपेच्या कडेला कार्बन साचला की ती पूर्ण मिटत नाही. कुणी आयडलिंग वाढवायला स्टॉप स्क्रू पिळला असेल तरी तेच. सफाईचा स्प्रे कापडावर मारून पुसा, झडपेच्या शाफ्टवर मारला तर तो सेन्सरमध्ये उतरतो. शाफ्ट हाताने वरखाली हलवल्यावर सिग्नल बदलत असेल तर शाफ्टला धरणारे बुश झिजले आहेत. तिथे नवा सेन्सरही तसाच वागेल.

बदलायचाच असेल तर सेन्सरची जीभ शाफ्टच्या योग्य बाजूला बसवून, स्प्रिंगच्या विरुद्ध थोडा फिरवून मग स्क्रू लावा. उलट बाजूला बसला तर रेस दाबताच तो आतून मोडतो. स्क्रू बारीक आणि बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. २ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. भोकं लांबट असतील तर मीटर बघत बंद स्थितीचं व्होल्टेज जुळवा. गोल असतील तर कानस लावू नका. अशा गाड्यांत ईसीयू सर्वांत कमी आकडा स्वतःच शून्य धरतो.

एवढं करून सगळे आकडे बरोबर आले आणि लॉक-अप तरीही लागत-सुटत राहिला, तर इंजिन चालू ठेवून मीटर एसीवर करा आणि बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला आहे आणि त्याची खरखर सिग्नलमध्ये मिसळते आहे.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन