पठारापर्यंत तरी चला

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

रविवारी धबधब्याच्या ट्रेकवरून परतल्यावर रात्री फोनवर ‘पोचले, बरी आहे’ एवढंच बोलले, कारण त्याहून जास्त बोलायचं त्राण नव्हतं. आई, तू पुन्हा पुन्हा विचारत होतीस, खरंच बरी आहेस ना. आणि बाबा, तुम्ही मागून म्हणालात, “पुढच्या वेळी आम्हीही येतो.” तुम्ही कदाचित सहज म्हणाला असाल, पण माझ्या मनातून ते गेलेलं नाही. म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. वाट होती तशीच सांगते, अवघड ते अवघड म्हणूनच सांगते.

जाऊन-येऊन १४ किलोमीटर. पण डोंगरात नुसत्या अंतरावरून काही कळत नाही, चढ किती ते बघावं लागतं. आधी ओढ्याच्या काठाने जंगलातून चालायचं, मग डोंगराच्या एका सोंडेवरून ५०० मीटर चढायचं आणि पलीकडे २०० मीटर खाली डोहाशी उतरायचं. येताना तेच उलटं, म्हणजे दमलेल्या पायांनी पुन्हा २०० मीटर चढ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये अशा चालीचा एक हिशेब मांडला होता, तो अजूनही वापरतात. दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. त्याप्रमाणे आम्ही चार तासांत परत यायला हवं होतं. लागले साडेआठ. तो हिशेब धडधाकट माणसाने चांगल्या वाटेवर न थांबता चालण्याचा आहे. ओढा ओलांडणं, ओल्या कातळावर पाऊल जपून टाकणं, मागच्यांसाठी थांबणं, यांतलं काहीच त्यात धरलेलं नाही.

ओढा तीनदा ओलांडावा लागतो. आई, तुला काळजी वाटते ती पाण्याचीच, आणि ती रास्त आहे. आमचा वाटाड्या प्रत्येक वेळी आधी काठावर उभा राहून पाणी न्याहाळत होता. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो, आणि त्याचा लोंढा खाली पोचायला थोडी मिनिटंही पुरतात. नितळ पाणी एकदम गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज वाढला, की पात्रातून बाहेर पडून उंचावर जायचं, हे त्याने निघतानाच बजावलं होतं. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरायचंच नाही, हाही त्याचा नियम. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायला लावायचा, म्हणजे तोल गेलाच तर सॅक टाकून देता येते. त्याच्याबरोबर मी तुम्हाला निःशंकपणे पाठवीन.

सोंडेवरचा चढ दमवतो, पण घाबरवत नाही. घाबरवतो तो पलीकडचा उतार. तिथे घसारा आहे, म्हणजे सुट्या दगडमातीचा निसरडा उतार, मग एक कातळटप्पा, तो दोर धरून उतरावा लागतो, आणि शेवटी मोठमोठे धोंडे, हात टेकवत पार करायचे. मी वाटाड्याला विचारलं, हे एवढे धोंडे आले कुठून? तर म्हणाला, धबधब्याचेच आहेत. पुष्कळ ठिकाणी वरचा खडक कठीण आणि खालचा ठिसूळ असतो. पाणी खालचा कोरत जातं, वरचा थर आधाराविना पुढे लोंबकळत राहतो आणि एक दिवस कोसळतो. असा प्रत्येक वेळी धबधबा थोडा मागे सरकतो. नायगारा गेल्या १२ हजार वर्षांत असाच सुमारे ११ किलोमीटर मागे गेला आहे. हे कळल्यावर त्या धोंड्यांवर रखडत जाताना माझी चिडचिड थांबली. धबधबा पूर्वी जिथे होता, त्याच जागेवरून मी चालत होते.

आणि मग तो. साधारण १०० मीटरवरून कोसळतो. बाबा, तुम्ही हवे होतात. तुम्ही वर्गात सांगायचात ती ज्यूल या शास्त्रज्ञाची गोष्ट आठवली. १८४७ मध्ये नुकतंच लग्न झालेला ज्यूल आल्प्समध्ये थॉमसनला, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनना, भेटला, हातात थर्मामीटर. पडणाऱ्या पाण्याची ऊर्जा उष्णतेत बदलते, तर धबधब्याच्या पायथ्याचं पाणी माथ्यापेक्षा किंचित गरम असायला हवं, हे त्याला मोजायचं होतं. थॉमसनने नंतर ही आठवण लिहिली, आणि पाण्याचे तुषारच फार उडत असल्याने त्यांना ते जमलं नाही, असंही लिहिलं. तिथे उभी राहून मी तुमच्या पद्धतीने मनातच गणित केलं. १०० मीटरला पाव अंशाहूनही थोडं कमी! आणि समोर तुषारांचा लोट असा उठत होता की दोन मिनिटांत मी चिंब. ते पाणी उडता उडता वाफ होऊन गारच होत असणार. त्या दोघांना का जमलं नाही हे शाळेत ऐकून कळलं होतं, परवा अंगावर आलं.

डोहात मी उतरले नाही, आई. बरोबरची काही मुलं उतरायला निघाली होती, वाटाड्याने त्यांनाही थांबवलं. एक तर पाणी अतिशय थंड होतं. १५ अंशांच्या खालच्या पाण्यात एकदम शिरलं की आपोआप श्वास आत ओढला जातो, छाती धडधडते, आणि ते पहिलं मिनिटच धोक्याचं असतं. दुसरं म्हणजे पाणी कोसळतं तिथला फेस. त्यात हवा इतकी मिसळलेली असते की ते माणसाला नीट तरंगतं ठेवत नाही, शिवाय आतला भोवरा पुन्हा पुन्हा धारेखाली ओढतो. वरून दगड येतात ते वेगळेच. पोहता येणारी माणसंही अशा डोहांत बुडतात ती यामुळे. मी काठावर खडकाला टेकून बसले आणि पोटभर पाहिलं. दुपारी सूर्य पाठीमागे आला तेव्हा समोरच्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटलं. मी सरकले की तेही सरकायचं.

आता मूळ मुद्दा. आमच्यात तुमच्याच वयाचं एक जोडपं होतं. बाईंचा गुडघा आईसारखाच, उजवा. निघताना मला वाटलं होतं, यांना कसं जमणार. पण दोघं आपापसांत बोलता येईल इतक्याच वेगाने चालत होते. धाप लागून बोलणं तुटलं की थांबायचे. आम्ही भराभर पुढे जाऊन बसायचो, ते मागून एका लयीत येऊन गाठायचे. सोंडेच्या मध्यावर एक पठार आहे, ३ किलोमीटरवर, चढ जेमतेम २०० मीटर, आणि त्याआधी ओढा एकदाच लागतो, तोही घोट्याएवढा. ते दोघं तिथे थांबले आणि तिथूनच परतले. घरून निघतानाच तसं ठरवून आले होते. संध्याकाळी पायथ्याशी भेटले तेव्हा दोघांचे चेहरे इतके तृप्त होते, की मला तुम्ही दोघंच दिसलात.

त्या पठारावरून धबधबा माथ्यापासून डोहापर्यंत अख्खा दिसतो. डोहाशी तो असा दिसतच नाही, मान वर करून तुकड्यातुकड्यानेच पाहावा लागतो. म्हणून मी तुम्हाला अर्धवट काही दाखवत नाहीये. माझ्या मते त्याचं सगळ्यात सुंदर रूप तिथूनच आहे. दोराच्या टप्प्यावर मी तुम्हाला नेणार नाही, बाबा, त्यावर वाद घालू नका. पण पठारापर्यंत चला. मला तुमच्याबरोबर तिथे बसायचं आहे, आणि ‘कधीतरी’ म्हणत ते पुढे ढकलायचं नाहीये.

त्यासाठी आतापासून तीन महिने तयारी करायची. आधी डॉक्टरांना विचारा. आईचा गुडघा दाखवा, आणि बाबा, तुमच्या बीपीच्या गोळ्या घेऊन चढावर तासभर चाललेलं चालेल का, ते स्पष्ट विचारा. त्यांनी हो म्हटलं तर रोज चाला, आणि आठवड्यातून काही दिवस जिने उतरायचा सराव करा. हो, उतरायचा. चढताना छाती दमते, पण गुडघ्यांची परीक्षा उतरताना असते. शरीराचा भार सावरायला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, म्हणून सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात. मी काल जिना कठडा धरूनच उतरले. थोड्या थोड्या सरावाने हे दुखणं बरंच कमी होतं. दोघांसाठी चालायच्या काठ्या मी आणते, उतारावर गुडघ्यांवरचा भार त्यांनी हलका होतो. आई, काठी म्हटलं की तुला म्हातारपण आठवतं, ते मला ठाऊक आहे. आमच्यातल्या तरण्याताठ्या पोरांकडेही होत्या.

बुटांचं मात्र तुम्ही आजच बघा. दोघांच्या पावलांची मापं कागदावर काढून पाठवा, संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि चालतानाही तसेच सुजणार. दोन्ही पावलांची काढा, एक बहुधा जरा मोठं असतं. पुढे अंगठाभर जागा राहील असे घेईन, नाहीतर उतारावर बोटं आपटून नखं काळी पडतात. कागदावर कुठलं कोणाचं ते लिहायला विसरू नका.

तुमची,
धाकटी