बेलरमागे ट्रॉली जोडताना

माननीय संपादक,
स. न.

ऊसतोड सुरू झाली की दौंड, इंदापूर, बारामती भागांत पाचटाचे चौकोनी गठ्ठे बांधणारे छोटे बेलर फडाफडांतून दिसू लागतात. गठ्ठे गोळा करायला माणसे मिळत नाहीत, म्हणून बेलरच्याच मागे ट्रॉली ओढून गठ्ठे थेट तिच्यात घेण्याची सोय अनेक जण वेल्डिंगच्या दुकानांतून करून घेतात. सोय खरोखर उपयोगाची आहे, पण ट्रॉली जोडण्याचा हुक बहुतेक ठिकाणी चुकीच्या जागी बसतो.

गठ्ठा ज्या लांबट पेटीत दाबला जातो त्या चेंबरच्या मागच्या टोकाच्या पट्ट्या स्प्रिंगच्या ताणावर हलतात आणि गठ्ठा किती घट्ट होणार हे त्यांच्यावरच ठरते. हुक तिथे जोडला की पट्ट्या वाकतात, गठ्ठा एका अंगाने सैल पडतो आणि सुतळी निसटते. दोष मात्र सुतळीची गाठ मारणाऱ्या नॉटरला दिला जातो! ओढ चेंबरने नव्हे, अ‍ॅक्सलने आणि मुख्य चौकटीने सोसली पाहिजे. त्यासाठी चेंबरखालून दोन चॅनल अ‍ॅक्सलपर्यंत न्यावेत, मागे किमान १२ मिमी जाडीची प्लेट लावावी आणि सगळे ८.८ ग्रेडच्या बोल्टने, लॉकनट घालून आवळावे. चेंबरमध्ये पाचट दाबणारा प्लंजर मिनिटाला ८० ते १०० ठोके देतो. त्या हादऱ्यांनी साधे नट ढिले होतात, वेल्डला तडे जातात. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने चेंबर थोडा जरी ओढला गेला, तरी प्लंजरची सुरी आणि स्थिर सुरी यांच्यामधली एक मिलिमीटरहूनही कमी असलेली फट बिघडते. वेल्ड करावेच लागले तर अर्थिंगचा चिमटा जोडाशेजारीच लावावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो.

ट्रॉली चारचाकीच हवी. दोनचाकी ट्रॉलीचा भार हुकवर येतो, बेलर मागे दबतो, ट्रॅक्टरला जोडलेला पुढचा ड्रॉबार वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. दोनचाकी ट्रॉली अर्धीच भरली तरी हा धोका टळत नाही.

ट्रॉलीत गठ्ठे चढवणारी घसरण भरली की मागून रेटा वाढतो आणि गठ्ठे आपोआप जास्त घट्ट होतात. तेव्हा स्प्रिंगचे हँडल थोडे सैल करावे. तसे न केल्यास फ्लायव्हीलचा शिअर बोल्ट, म्हणजे जास्त ताण आल्यास आधी तुटून यंत्र वाचवणारा बोल्ट, तुटत राहतो. त्या जागी जास्त कडक बोल्ट कधीही घालू नये, मग बोल्टऐवजी गिअरबॉक्स तुटतो.

जोडणी फक्त शेतापुरतीच ठेवावी. बेलरला ब्रेक नसतो आणि उतारावर भरलेली ट्रॉली त्याला आडवा ढकलते. रस्त्यावर येण्याआधी ट्रॉली सोडून ती वेगळ्या ट्रॅक्टरने न्यावी.

बेलरला सरकारी अनुदान मिळते. ते मंजूर करताना कृषी विभागाने कंपन्यांकडून हुकचा तयार संच आणि तो बसवण्याचा नकाशा मागून घ्यावा, म्हणजे वेल्डिंगवाल्याला अंदाजाने काम करावे लागणार नाही.

— शेती अवजारे दुरुस्त करणारे कारागीर, पुणे